फलन : पुष्पापासून बीजापर्यंत
औषधिद्रव्यांच्या दृष्टीने एक विवेचन

प्रास्ताविक

द्रव्यगुणशास्त्राच्या अध्ययनात प्रत्येक वनस्पतीचे प्रयोज्यांग आपण आवर्जून लक्षात ठेवतो. मूल, त्वक्, पत्र, पुष्प, फल, बीज अशी ती परिचित मालिका आहे. यांतील शेवटची तीन अंगे औषधनिर्मितीत किती मोठा वाटा उचलतात हे वेगळे सांगावयास नको. त्रिफळ्यातील तिन्ही द्रव्ये फळे आहेत. त्रिकटूतील दोन द्रव्ये फलरूप आहेत. एरंड, कुपीलू, मेथी, ईसबगोल, जायफळ ही बीजे होत, तर लवंग, केशर, नागकेशर, धायटी यांचा उगम पुष्पात आहे. पुष्पाचे फळ व बीज ज्या घटनेमुळे होते ती घटना म्हणजे फलन. या घटनेचे ज्ञान केवळ वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यापुरते मर्यादित राहू नये असे आम्हांस वाटते. कोणते द्रव्य केव्हा संग्रहित करावे, एखाद्या बागेत फळे का धरत नाहीत, एकाच नावाची दोन बीजे गुणांत भिन्न का निघतात, या रोजच्या प्रश्नांची उत्तरे बहुतांशी येथे सापडतात. म्हणून प्रस्तुत लेखात सपुष्प वनस्पतींतील फलनाची प्रक्रिया प्रथम थोडक्यात मांडून नंतर तिचा आपल्या द्रव्यांशी असलेला संबंध विशद करण्याचे योजिले आहे.

पुष्पाची रचना

पूर्ण फुलात बाहेरून आत चार मंडले असतात. बाहेरील निदलपुंज कळीचे रक्षण करतो व दलपुंज कीटकांना आकर्षित करतो. तिसरे मंडल पुमंग म्हणजे पुंकेसरांचा समूह होय. प्रत्येक पुंकेसराच्या टोकास परागकोश असून त्यात परागकण तयार होतात. मध्यभागी जायांग असते. त्याचे वरचे टोक म्हणजे कुक्षी, तिच्याखालचा देठासारखा भाग कुक्षीवृंत आणि तळाचा फुगीर भाग अंडाशय. अंडाशयाच्या पोकळीत एक किंवा अनेक बीजांडे असतात.

या मंडलांची नावे आपल्या औषधांच्या नावांतही उतरली आहेत, परंतु तेथे थोडी सावधगिरी हवी. नागकेशर हे पुंकेसरांचे द्रव्य आहे, तर काश्मीरचे केशर ही कुक्षी आहे. बाजारात ‘तांबडे नागकेशर’ म्हणून जे मिळते त्या कोकणातील सुरंगीच्या वाळविलेल्या कळ्या असतात, त्या खऱ्या नागकेशराचे पुंकेसर नव्हेत. खरेदी करताना भिंगाखाली तंतू व परागकोश दिसतात की मिटलेली कळी दिसते, एवढे पाहिले तरी पुष्कळ फसगत टळते.

बीजांडाच्या आत भ्रूणकोश नावाची अतिसूक्ष्म पिशवी असते. बहुसंख्य सपुष्प वनस्पतींत तिच्यात सात पेशी व आठ केंद्रके आढळतात. बीजांडाच्या सूक्ष्म छिद्राजवळ एक अंडपेशी व तिच्या दोन्ही बाजूंस दोन सहायक पेशी, विरुद्ध टोकास तीन प्रतिध्रुवी पेशी, आणि मध्ये दोन ध्रुवीय केंद्रके धारण करणारी मोठी मध्यपेशी अशी ही मांडणी असते. पुढील सर्व नाट्य या इवल्याशा जागेत घडते.

परागण व फलन

हे दोन शब्द व्यवहारात समानार्थी वापरले जातात, पण ते भिन्न घटनांचे वाचक आहेत. परागकण कुक्षीवर पोचणे म्हणजे परागण. पुंबीजाचा अंडपेशीशी संयोग होणे म्हणजे फलन. परागण झाले म्हणजे फलन झालेच असे नाही. दोहोंमध्ये काही तासांचे, तर काही वनस्पतींत कित्येक महिन्यांचे अंतर असू शकते.

परागकण वाहून नेण्यास वारा, पाणी, कीटक, पक्षी, वटवाघळे अशी विविध साधने आहेत. एरंडाचे पराग वाऱ्यावर वाहतात. त्याच्या तुऱ्यात खालच्या भागी नरपुष्पे व वरच्या भागी तांबूस कुक्षींची मादीपुष्पे असतात. याच एरंडावर जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील कामेरारियुस या वैद्यकाच्या प्राध्यापकाने प्रयोग केले. परागकोश उमलण्यापूर्वीच नरपुष्पे खुडून टाकली असता बीज धरत नाही हे त्याने दाखविले आणि १६९४ मध्ये ते पत्ररूपाने प्रसिद्ध केले. वनस्पतींतही स्त्री-पुरुषभेद आहे हे युरोपात प्रयोगाने सिद्ध झाले ते असे, आणि त्या कामी एका औषधी वनस्पतीचा उपयोग झाला, ही गोष्ट आपल्या वाचकांस रुचावी.

परागनलिकेचा प्रवास

कुक्षीवर पडलेला परागकण तेथील ओलावा शोषून फुगतो व त्यातून एक नलिका बाहेर पडते. १८२४ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ अमीची यांनी ही नलिका सर्वप्रथम पाहिली, ती घोळ या वनस्पतीच्या कुक्षीवर. आपल्याकडे पालेभाजी म्हणून परिचित असलेली व संहितांत लोणिका म्हणून ओळखली जाणारी ही साधी वनस्पती होय.

परागनलिका कुक्षीवृंताच्या ऊतीतून मार्ग काढीत अंडाशयाकडे जाते. तिच्यामधून दोन पुंबीजे वाहून नेली जातात. सपुष्प वनस्पतींच्या पुंबीजांना स्वतःची हालचाल नसते, म्हणून ही नलिका हेच त्यांचे वाहन. मक्याच्या कणसावरील प्रत्येक केस हा एकेका दाण्याचा कुक्षीसह कुक्षीवृंत असतो. त्या वीतभर लांबीतून नलिका सुमारे एका दिवसात खाली उतरते.

हजारो पेशींच्या गर्दीतून नलिकेस नेमके बीजांड कसे सापडते, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. अंडपेशीशेजारच्या सहायक पेशी काही लहान प्रथिने स्रवतात व त्यांच्या आकर्षणाने नलिका वळते, असे २००९ मध्ये जपानी संशोधकांनी टोरेनिया या फुलझाडावर दाखवून दिले. सहायक हे नाव या पेशींनी सार्थ केले असे म्हणावयास हरकत नाही.

कुक्षी ही केवळ पराग झेलणारी पृष्ठभूमी नव्हे. ती परागाची पारख करते. परजातीचा पराग बहुधा तेथेच अडतो. कित्येक वनस्पतींत तर त्याच झाडाचा पराग ओळखून त्याची नलिका रोखली जाते. यास स्व-असंयोज्यता म्हणतात. निकट नात्यातील संकर टाळण्याची ही निसर्गाची व्यवस्था आहे.

द्विफलन : सपुष्प वनस्पतींचे वैशिष्ट्य

परागनलिका भ्रूणकोशात पोचली की ती एका सहायक पेशीत शिरून फुटते व दोन्ही पुंबीजे मुक्त होतात. एक पुंबीज अंडपेशीशी एकरूप होऊन युग्मनज निर्माण होतो. त्याचाच पुढे भ्रूण बनतो. दुसरे पुंबीज वाया जात नाही. ते मध्यपेशीतील दोन ध्रुवीय केंद्रकांशी संयोग पावते आणि त्यातून भ्रूणपोष, ज्यास मराठीत पुष्क असेही म्हणतात, तो तयार होतो. एकाच वेळी घडणाऱ्या या दोन संयोगांस द्विफलन म्हणतात. कीव्ह येथील नवाशिन यांनी १८९८ मध्ये कमळिणीसदृश लिलीच्या कुळातील वनस्पतींवर हा शोध लावला. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये गिन्यार यांनी त्यास स्वतंत्र निरीक्षणांनी पुष्टी दिली.

भ्रूणात मातेकडून एक व पित्याकडून एक असे गुणसूत्रांचे दोन संच येतात. भ्रूणपोषात मात्र बहुधा मातेचे दोन व पित्याचा एक असे तीन संच असतात. सर्व कुळांत हा हिशेब सारखा नसतो. स्वतः लिलीच्या भ्रूणपोषात पाच संच आढळतात. परंतु तत्त्व तेच आहे. भ्रूण जन्मतो तेव्हाच त्याच्या शेजारी त्याची शिदोरीही जन्मते. फलन झाले नाही तर ही शिदोरी सहसा बांधली जात नाही. अन्नाची उधळपट्टी टाळण्याची याहून चोख रीत कोणती?

भ्रूणपोषाचे सर्वांत परिचित उदाहरण नारळ. शहाळ्यातील पाणी हा द्रवरूप भ्रूणपोष असून त्यात केंद्रके मुक्त तरंगत असतात. कवचाच्या आतील बाजूस हळूहळू पेशी तयार होऊन खोबऱ्याचा थर धरतो. नारिकेलोदकाचे पोषणसामर्थ्य प्रयोगशाळेतही प्रत्ययास आले. १९४१ मध्ये अमेरिकेत व्हॅन ओव्हरबीक व त्यांच्या सहकाऱ्यांनी धोतऱ्याचे अतिकोवळे भ्रूण बीजाबाहेर काढून, त्यांच्या पोषक माध्यमात नारळाचे पाणी मिसळून वाढविले. जे भ्रूण एरवी जगत नसत ते त्यामुळे वाढू लागले.

भारतीय शास्त्रज्ञांचा वाटाही येथे नमूद करणे उचित होईल. प्रा. पंचानन माहेश्वरी यांच्या नेतृत्वाखाली दिल्ली विद्यापीठ हे भ्रूणविज्ञानाचे जगन्मान्य केंद्र झाले. तेथे १९६२ मध्ये कांता, रंगस्वामी व माहेश्वरी यांनी अहिफेनाची बीजांडे परीक्षानलिकेत ठेवून त्यांवर थेट पराग टाकला व बीजे मिळविली. १९६४ मध्ये त्याच विद्यापीठात शिप्रा गुहा व सतीशचंद्र माहेश्वरी यांना धोतऱ्याच्या परागकोशांपासून, फलनाविना, भ्रूण मिळाले. एरंड, घोळ, धोतरा, अहिफेन : या शास्त्राचा इतिहास बऱ्याच अंशी आपल्या परिचयाच्या वनस्पतींवरच लिहिला गेला आहे.

फलनानंतर : कोणत्या अंगाचे काय होते

फलनानंतर पाकळ्या व पुंकेसर गळून पडतात. बीजांडाचे बीज होते, बीजांडाच्या आवरणांचे बीजकवच होते आणि अंडाशयाच्या भित्तीचे फलभित्ती, म्हणजे आपण ज्यास गर किंवा साल म्हणतो तो भाग, होते. हा साधा नियम प्रयोज्यांगास लावून पाहिला असता मोठा बोध होतो.

हरीतकी, आमलकी, बिभीतक यांत आपण फलभित्ती वापरतो व अठळी टाकून देतो. ही फलभित्ती सर्वस्वी मातेची ऊती आहे. पराग कोठल्या झाडाचा आला याचा तिच्या घडणीवर सहसा फारसा परिणाम होत नाही. म्हणूनच गुणाने श्रेष्ठ अशा आवळ्याच्या झाडाची कलमे लावली असता गराचा दर्जा पुष्कळसा कायम राहतो. याला खजूर हा अपवाद आहे. तेथे परागाच्या जातीनुसार फळाचा आकार व पिकण्याचा काळ बदलतो.

एरंडबीज, कुपीलू, जायफळ, सुपारी यांत मुख्य द्रव्य भ्रूणपोष आहे. तेथे माता व पिता दोघांचाही अंश उतरतो. बदाम, मूग, उडीद यांत भ्रूणपोष भ्रूणानेच शोषून घेतलेला असतो व आपण वापरतो ती भ्रूणाची बीजपत्रे असतात. मरिच व पिप्पली यांच्या दाण्यातील पिष्टमय भाग मात्र भ्रूणपोष नव्हे. तो बीजांडाच्या मूळ ऊतीचा, म्हणजे पुन्हा मातेचाच अवशेष आहे.

पिच्छिल गुणाची दोन द्रव्ये घ्या. ईसबगोलाचा बुळबुळीतपणा बीजकवचाच्या बाह्य थरातून येतो, म्हणून त्याचा भुसा वेगळा काढता येतो. मेथीचा बुळबुळीतपणा भ्रूणपोषात असतो, म्हणून मेथी भिजवावी किंवा कुटावी लागते. फलनाचे ज्ञान असल्यास ‘मेथीचा भुसा का मिळत नाही’ हा प्रश्न उद्भवतच नाही.

ऋतु, क्षेत्र, अंबु, बीज

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भोत्पत्तीसाठी ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज या चार घटकांचे सान्निध्य आवश्यक सांगितले आहे. हा दृष्टान्त मुळात शेतातील अंकुराचा आहे. तो तेथून उचलून मानवी गर्भास लावला गेला. तोच दृष्टान्त पुष्पास लावून पाहणे वावगे ठरू नये, मात्र येथे अंकुराच्या आधीची, बीज घडण्याची पायरी अभिप्रेत आहे हे ध्यानात ठेवावे.

ऋतु म्हणजे कुक्षी पराग स्वीकारण्यास सिद्ध असण्याचा काळ. तो काही तासांपासून काही दिवसांपर्यंत असतो. तो टळला की पराग व्यर्थ जातो. क्षेत्र म्हणजे कुक्षी, कुक्षीवृंत व बीजांड यांची सुस्थिती आणि त्यांची पारख. अंबु म्हणजे कुक्षीवरील स्राव व झाडास मिळणारा आहाररस. ओलावा नसेल तर पराग रुजत नाही, आणि मोहरावर अवकाळी पाऊस पडला तर पराग धुपून किंवा फुटून नाश पावतो. बीज म्हणजे जोमदार पराग व निरोगी अंडपेशी.

आवळा हे याचे उत्तम उदाहरण. त्याच्या एकाच फांदीवर नर व मादी फुले वेगवेगळी येतात आणि मादी फुलांची संख्या नरांच्या मानाने फारच अल्प असते. वसंतात फुले येतात व फलन होते. परंतु त्यानंतर फळ लगेच वाढत नाही. संपूर्ण उन्हाळा इवलासा गर्भ सुप्तावस्थेत राहतो. पावसाळ्यात तो जागा होतो, फळ डोळ्यांस दिसू लागते व हेमंतात परिपक्व होते. उन्हाळ्यात झाड रिकामे दिसते म्हणून वांझ समजून तोडणारे, किंवा याच काळात फांद्या छाटणारे, येणारे पीकच कापीत असतात.

आवळ्यात स्व-असंयोज्यताही आढळते. एकाच जातीची कलमे लावलेल्या बागेत भरपूर मोहर येऊनही फळे कमी धरतात, कारण सर्व कलमे वस्तुतः एकाच झाडाचे अंश असतात. याच कारणास्तव कृष्णा, कांचन, चकैया, एनए-७ यांसारख्या किमान दोन जाती मिसळून लावण्याचा सल्ला फलोद्यानतज्ज्ञ देतात. च्यवनप्राशासाठी स्वतःची लागवड करू इच्छिणाऱ्या फार्मसीचालकांनी ही बाब लागवडीपूर्वीच लक्षात घ्यावी. झाडे फळावर आल्यानंतर ती सुधारणे कष्टाचे व खर्चाचे होते.

वनस्पतींतील लिंगभेद आणि संहितोक्त पुं-स्त्री

काही वनस्पतींत नर व मादी फुले स्वतंत्र झाडांवर येतात. गुळवेल, पिप्पली, जायफळ, भांग या अशा विभक्तलिंगी वनस्पती होत. गुळवेलीस लाल फळांचे घोस लागतात ते केवळ मादी वेलीवर. काष्ठौषधीसाठी खोडच लागत असल्याने वेल नर की मादी याकडे आपले लक्ष जात नाही. पण एकाच वेलीच्या कांड्यांपासून सर्व लागवड केली तर ती संपूर्ण एकलिंगी होते व तेथे बी कधीच धरत नाही. पिप्पलीत औषधी उपयोगाची कणसे मादी वेलीची असतात. ती आखूड व जाड असतात, तर नर कणसे लांब व बारीक असतात. जायफळाचे रोप बियांपासून केले तर ते नर की मादी हे कळण्यास फुले येईपर्यंत कित्येक वर्षे थांबावे लागते. म्हणून हल्ली कलमे लावतात आणि साधारणपणे दहा मादी झाडांमागे एक नर झाड राखतात. नर झाडास फळ नाही म्हणून ते सरसकट तोडणे म्हणजे दहा झाडांचे उत्पन्न धोक्यात घालणे होय.

येथे एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात कुटजाचे पुं व स्त्री असे भेद वर्णिले आहेत. मोठ्या फळांचा, श्वेतपुष्पांचा तो पुरुष व बारीक फळांची ती स्त्री. यावरून काही विद्यार्थी कुटज विभक्तलिंगी आहे असे समजतात. वस्तुतः आज ज्यांना आपण पांढरा कुडा व काळा कुडा म्हणतो त्या दोन भिन्न वनस्पती असून दोहोंची फुले उभयलिंगी आहेत, आणि दोघांनाही फळे येतात. संहितेतील ही संज्ञा बाह्य लक्षणांवरून केलेला व्यावहारिक भेद आहे. आचार्यांनी ‘पुरुष’ म्हटलेल्यासही फळ सांगितले आहे, यातच हे स्पष्ट होते. बाजारात कुटजत्वचेत काळ्या कुड्याच्या सालीची भेसळ होते, तेव्हा हा भेद नीट जाणणे हा केवळ शब्दच्छल नाही.

उंबराचे फूल

चरकाचार्यांनी औद्भिद द्रव्यांचे वनस्पती, वानस्पत्य, औषधी व वीरुध असे चार भेद केले. ज्यांना फूल न दिसता फळ येते ते वनस्पती. उंबर, वड, पिंपळ त्यात येतात. ‘उंबराचे फूल’ हा दुर्मिळतेचा वाक्प्रचार आपल्या बोलण्यातही आहे. प्रत्यक्षात आपण ज्यास उंबर म्हणतो ते फळ नसून आतून फुलांनी भरलेला मांसल घट आहे. शास्त्रात यास कुंभासनी पुष्पविन्यास म्हणतात. शेकडो नर व मादी फुले आतल्या भिंतीवर असतात व बाहेर जाण्यास टोकाशी एक छिद्र असते.

या बंद घरात पराग नेण्याचे काम एक अतिसूक्ष्म वरटी करते. दुसऱ्या उंबरातून पराग घेऊन आलेली मादी छिद्रातून आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. आत ती आखूड कुक्षीवृंताच्या फुलांत अंडी घालते व त्याच वेळी लांब कुक्षीवृंताच्या फुलांचे परागण होते. ती तेथेच मरते. काही आठवड्यांनी पुढच्या पिढीतील नर प्रथम बाहेर येतात, माद्यांशी संयोग करतात व बाहेर पडण्याचा मार्ग कोरतात. तोवर नरपुष्पे पक्व झालेली असतात. माद्या तो पराग घेऊन नव्या उंबराच्या शोधात निघतात. ‘उंबर फोडून केंबरे काढणे’ या वाक्प्रचारातील केंबरे ती हीच. ज्यास आपण किडका उंबर म्हणून फेकतो तेथे या वृक्षाचा वंश चालविणारा कारागीर राहत असतो. या वरटीवाचून उंबरास बीज धरत नाही आणि उंबरावाचून वरटीस घर नाही.

फलन टाळून मिळणारी द्रव्ये

काही द्रव्यांचा गुण फलनापूर्वीच शिगेस असतो. लवंग ही मिटलेली कळी. ती उमलून फलन झाले की तेलाचे प्रमाण घटते. म्हणून डोक्यावरील गोलाकार कळी शाबूत असलेली लवंग घ्यावी. विजयेच्या बाबतीत शेतातील नर रोपे वेळीच उपटून मादी तुऱ्यांचे फलन रोखण्याची रीत जुनी आहे. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने बंगालमधील ‘पोद्दार’ नामक जाणकार हे काम करीत असल्याचे नोंदविले आहे. फलन झाले की तुऱ्याची शक्ती बीज घडविण्यात खर्च होते. आज हा सर्व व्यवहार १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या चौकटीतच करता येतो.

केशराची गोष्ट निराळी. त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच असल्याने पराग व अंडपेशी यांची घडण सुरळीत होत नाही आणि बीज धरत नाही. ज्या कुक्षीचे मूळ कार्य पराग स्वीकारणे, ती कुक्षीच येथे औषध म्हणून मोलाची आहे, आणि लागवड सर्वस्वी कंदांवर चालते.

सर्वांत विचारप्रवृत्त करणारे उदाहरण गुग्गुळाचे आहे. १९९६ मध्ये दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले की गुग्गुळाच्या मादी झाडांस परागणावाचूनही बी येते. त्यातील भ्रूण अंडपेशीतून नव्हे तर बीजांडाच्या मातृ-ऊतीतून तयार होतात, एका बीजात अनेक भ्रूण असू शकतात, आणि भ्रूणपोषही पुंबीजाच्या संयोगाविना बनतो. अशी रोपे मातेची प्रतिकृती असतात. यात सोय आहे व धोकाही. सोय अशी की उत्तम झाडाच्या बियांपासून त्याच गुणाची रोपे मिळतात. धोका असा की संकरातून येणारे वैविध्य नसल्याने एखादा मातृवंश नष्ट झाला तर तो परत घडत नाही. राजस्थान व कच्छच्या कोरड्या भूमीतील ही झाडे डिंकासाठी खोल चिरा पाडल्याने मरत आली. २०१५ पासून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तांबड्या यादीत गुग्गुळाची गणना अतिशय संकटग्रस्त म्हणून झाली आहे. योगराज व कैशोर या कल्पांवर ज्यांचा व्यवसाय उभा आहे, त्यांना ही नोंद दूरची वाटू नये.

व्यवहारातील बोध

वरील विवेचनातून काही कर्तव्ये निष्पन्न होतात. ती आम्ही वाचकांपुढे नम्रपणे ठेवतो.

पहिले, जुन्नर-आंबेगाव परिसरातून येणारा बाळहिरडा म्हणजे फलन झालेले, पण अठळी धरण्यापूर्वी पाडून वाळविलेले फळ. तो औषध म्हणून हवाच, परंतु झाडावरील सर्वच फळे या अवस्थेत पाडली तर सुरवारी हिरडाही मिळणार नाही व रुजण्यास बीही उरणार नाही. खरेदीदाराने पुरवठा करणाऱ्या संग्राहकांशी बोलून प्रत्येक झाडावर काही फळे पिकू देण्याचा आग्रह धरावा आणि त्याचा मोबदला दरात द्यावा.

दुसरे, लागवडीत विभक्तलिंगी वनस्पतींची नर-मादी दोन्ही रोपे व स्व-असंयोज्य वनस्पतींच्या किमान दोन जाती असाव्यात. गुग्गुळासारख्या वनस्पतीची रोपे अनेक ठिकाणच्या मातृवृक्षांपासून करावीत.

तिसरे, आग्या, सातेरी, फुलोरी व पोया या मधमाश्या केवळ मधाच्या दात्या नाहीत. फुलोऱ्याच्या काळात बागेत कीटकनाशकांची फवारणी करणे म्हणजे पुढील हंगामाचे फळ आजच मारणे होय. फवारणी अपरिहार्य असेल तर ती फुले उमलण्यापूर्वी किंवा सायंकाळी माश्या परतल्यावर करावी.

चौथे, द्रव्यपरीक्षणाच्या नोंदवहीत केवळ ‘फल’ किंवा ‘बीज’ असे न लिहिता फलभित्ती, बीजकवच, भ्रूणपोष की बीजपत्र हे नमूद करण्याची सवय लावून घ्यावी. दोन खेपांतील गुणांचा फरक कोठून आला याचा माग त्यावरून लागतो.

समारोप

जे चूर्ण आपण रुग्णाच्या हाती देतो त्याच्या मागे एक पराग, एक नलिका, दोन संयोग आणि अनेकदा एका कीटकाचे श्रम असतात. द्रव्याचा रस, वीर्य, विपाक जाणणाऱ्या वैद्याने त्याचा जन्मही जाणावा. आज जंगलातून येणाऱ्या मालाची आवक घटल्याची तक्रार प्रत्येक फार्मसीत ऐकू येते. तिचे उत्तर अधिक दर देण्यात जेवढे आहे, तेवढेच ते झाडावर बीज धरू देण्यात आणि ते भूमीवर पडू देण्यात आहे. संग्रहणाचा काळ ठरविताना आपण औषधाच्या वीर्याचा विचार करतोच. त्याच्या जोडीस पुढील पिढीच्या बीजाचा विचार झाला, तर आपल्या नंतर या व्यवसायात येणाऱ्यांनाही ही द्रव्ये ताजी व अस्सल मिळत राहतील.